मावशीचा मरणानंतरचा सीन

खोलीत अकरा माणसं होती. दहा जिवंत आणि अकरावी माझी मावशी.

शिवाय एक लोखंडी पलंग, एक लाकडी खुर्ची, पातळ पांढरं कापड लावलेली एक खिडकी, दोन दिवे (त्यातला एक बंद), आणि पलंगाच्या उजव्या अंगाला, त्याला समांतर टाकलेले रूळ. रुळांवर चाकांची ट्रॉली, ट्रॉलीवर कॅमेरा. उरलेल्या जागेत आम्ही. हे सगळं मोजलं, कारण मला पाय ठेवायला जागा शोधायची होती. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने आधीच बजावलं होतं की चपला बाहेर काढायच्या आणि एकदा जिथे उभी राहशील तिथून ‘कट’ होईपर्यंत हलायचं नाही. तो इतक्या वेळा सगळ्यांना गप्प बसवायचा की त्याला सगळे हेडमास्तर म्हणत.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. औषधांच्या एका कंपनीत ती हिशेब बघायची. चाळिशी उलटल्यावर एक दिवस तिने ते सोडलं आणि नटी व्हायला निघाली. घरात कुणी आकांडतांडव केलं नाही. आमच्याकडे राग थट्टेतून बाहेर पडतो. प्रत्येक नवीन कामाआधी बाबा तिला गंभीरपणे विचारतात, या वेळी संवाद आहे का. बहुतेक वेळा नसतो. नर्स, शेजारीण, रांगेतली बाई, पुन्हा नर्स. पण पडद्यावर डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसणाऱ्या त्या नर्ससाठी मावशी कितीतरी दुपारी एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा पीत बसली होती. टेकायला मिळालं की नर्सा टाच बुटातून बाहेर काढतात, हे तिने तिथे पाहिलं आणि सिनेमात केलं. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी तो भाग थांबवून थांबवून पाहिला आहे. टाच बाहेर आहे.

या वेळी मात्र तिला मुख्य भूमिका मिळाली होती. फक्त ती बाई मेलेली होती.

“संवाद?” बाबांनी विचारलं.

“नाही भाऊजी. या वेळी श्वाससुद्धा नाही.”

सिनेमा छोटा होता, वीसेक मिनिटांचा. मुलगी सकाळी आईच्या खोलीत येते, आई झोपेतच गेली आहे हे तिला कळतं, आणि कुणाला हाक मारण्याऐवजी ती खुर्ची ओढून आईशी बोलत बसते. बस्स. शेवटचा सीन एकाच शॉटमध्ये, मध्ये न तोडता घ्यायचा होता. कॅमेरा आईच्या पायापाशी सुरू होणार, रुळांवरून मुंगीच्या पावलांनी चेहऱ्याकडे सरकणार आणि चेहऱ्यापाशी थांबणार. चार मिनिटांच्या आसपास. दिग्दर्शक माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा; त्याचा हा पहिला सिनेमा, आणि सगळा सिनेमा त्या एका शॉटवर उभा होता. तो मावशीला म्हणाला होता की शॉट जमला नाही तर चेहऱ्यावर चादर ओढून घेऊ, गोष्ट तशीही कळेल. मावशी ते ऐकून हसली आणि घरी येऊन जेवली नाही. चादर ओढली तर तिचा चेहरा सिनेमात एकदाही दिसणार नव्हता. सिनेमा सुरू होतो तेव्हाच आई मेलेली असते.

माझं तिथे काम काय, तर श्वास. मी नुकतीच पदवीधर झाले होते, विषय शरीरक्रियाशास्त्र, आणि मावशीला वाटत होतं की मला श्वास कसा थांबवायचा हे ठाऊक असणार. मी तिला समजावलं की चार मिनिटं थांबवला तर भूमिका खरी होईल. मग आम्ही वेगळा रस्ता धरला. ती जमिनीवर पाठ टेकून पडायची. मी तिच्या छातीवर एक आणि पोटावर एक अशा दोन रिकाम्या काडेपेट्या उभ्या ठेवायची आणि जमिनीलगत डोळा लावून बघायची, कुठली हलते. मधूनच आई स्वयंपाकघरातून विचारायची, “गेली का गं?” आणि मावशी हसली की दोन्ही पडायच्या. पण काही आठवड्यांत छातीवरची काडेपेटी उभी राहू लागली. पोटाचं हलणं रजईच्या जाड घडीखाली झाकता येतं. कॅमेरा पायाशी असेपर्यंत हवा तेवढा श्वास घ्यायचा, गुडघ्यापासून पुढे फक्त पोटाने. मानेतली नाडी दिसू नये म्हणून गाऊनला उंच गळा. मिटलेल्या पापणीखाली बुबुळ फिरतं आणि ते दिसतं, म्हणून डोळे आतल्या आत एका जागी रोखायचे. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मावशीने आरशापुढे एक डोळा मिटून, दुसऱ्याने बघून शोधून काढलं होतं.

तर पहिला टेक. मुलीचं काम करणारी नटी खुर्ची ओढून पलंगाच्या डाव्या बाजूला बसली, कॅमेऱ्याच्या समोर. कॅमेरा निघाला. मी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरपुढे उभी राहून रजईची घडी बघत होते आणि मला काही म्हणजे काही हलताना दिसत नव्हतं. ती नटी मोठ्या दुःखाचं काही बोलत नव्हती. दूधवाला येऊन गेला, खालच्यांचा नळ पुन्हा गळतोय, असलंच. मग तिने आपली बाही पुढे केली आणि म्हणाली, “हे बटण लावून घेतलं गं मी. सारखी म्हणत होतीस ना. बघ.”

कॅमेरा खांद्यापाशी आला होता. मावशीच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि पांढुरक्या मेकअपमधून रेघ पाडत कानाकडे गेलं.

दिग्दर्शकाने हळूच ‘कट’ म्हटलं. हेडमास्तर हेडफोन काढत म्हणाला की हा तर वेगळाच सिनेमा झाला, घाबरवायचा. सगळे हसले, मावशीही पडल्या पडल्या हसली, आणि मेकअपवालीने रेघ बुजवायला घेतली. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरवर पुसता येईल. कॅमेरामन म्हणाला, चालत्या कॅमेऱ्यात, त्या उजेडात, डाग राहतोच. आणि उजेड खिडकीचा होता, तो काही आपल्या हातात नव्हता.

मी तिच्याजवळ वाकले आणि मला सुचलेला उपाय सांगितला. ऐकूच नकोस. मनात सतराचा पाढा म्हण, सुलटा झाला की उलटा.

दुसऱ्या टेकला मावशीने तसंच केलं. डोळा कोरडा, श्वास बिनचूक. कॅमेरा कमरेच्या पुढे गेला आणि नटी मध्येच थांबली. ती एक वाक्य विसरली असं आम्हाला वाटलं. ती विसरली नव्हती.

“मला बोलता येत नाहीये,” ती दिग्दर्शकाला म्हणाली. मग मावशीकडे वळली. “मावशी, मघाशी तुम्ही ऐकत होता ना? आत्ता तुम्ही इथे नव्हता.”

मावशीने डोळे उघडले. “पाढा म्हणत होते, बाळा. चुकलं माझं.”

चूक माझी होती, पण मला त्या क्षणी वेगळंच छळत होतं. हिला कळलं कसं? मी दिग्दर्शकाची परवानगी घेऊन दोन्ही टेकचा तोच भाग मॉनिटरवर पुन्हा पाहिला. पापण्या सारख्याच. ओठ सारखेच. रजई सारखीच. फरक असेल तर तो माझ्या डोळ्यांना दिसत नव्हता, आणि त्या मुलीला हातभर अंतरावरून तो इतका लख्ख कळला होता की तिची वाचा बसली. कॅमेरामनला विचारलं तर तो म्हणाला, त्यालाही काही दिसलं नाही, पण दुसऱ्या वेळेला ट्रॉली ढकलायचा कंटाळा आला होता.

खिडकीतला उजेड आता भिंतीवर चढू लागला होता. दिग्दर्शक पलंगाच्या कडेवर बसला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने आधी मावशीचा हात हातात घेतला. तो म्हणाला की चादर घेऊ या, मावशी, तुमचं काम उत्तम होतं पण दिवस हातचा जाईल.

मावशी उठून बसली नाही. तशीच, छताकडे बघत बोलली. “चादर घालायची तर खाली उशा ठेव. त्यांना चहासुद्धा लागत नाही.”



“एक टेक दे,” ती म्हणाली. “मी ऐकणार. ऐकल्याशिवाय हिला बोलता येत नाही, ते तू पाहिलंस. आणि गाल कोरडा राहील. राहिला नाही तर चादर मी स्वतः ओढीन.”

दिग्दर्शकाने कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामनने खिडकीकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं.

मेकअपवाली कामाला लागली. नटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती, ती परत खुर्चीवर आली. मावशीने मला बोलावलं आणि उशीच्या उजव्या कडेखाली टॉवेलची घडी सरकवायला सांगितली. जाड नको, म्हणाली, दोन बोटं. मी सरकवली. तिचं डोकं किंचित डावीकडे, मुलीकडे कललं. कॅमेरामनने फ्रेम तपासली आणि तो उलट खूश झाला. म्हणाला, आता आई तिच्याकडे झुकल्यासारखी दिसते, आधीच का नाही सुचलं. मला वाटलं, मावशीची मान अवघडली असेल.

हेडमास्तरने सगळ्यांवर नजर फिरवली. या वेळी त्याला काही बोलावं लागलं नाही.

कॅमेरा पायापासून निघाला. दूधवाला. खालच्यांचा नळ. मी या वेळी रजईकडे बघितलंच नाही, त्या नटीकडे बघत होते. पहिल्या टेकमध्ये ती चांगली बोलली होती. आता ती बोलतेय असं वाटतच नव्हतं. एका बाईला रोजचं काही सांगायचं राहिलं होतं आणि ती ते सांगत होती. गुडघे गेले, कंबर गेली. कॅमेरा खांद्याशी आला. तिने बाही पुढे केली.

“हे बटण लावून घेतलं गं मी. सारखी म्हणत होतीस ना. बघ.”

मॉनिटरवर मावशीचा उजवा गाल होता, जवळजवळ सगळी चौकट भरून. मी त्यावरून डोळे हलवले नाहीत. गाल कोरडा होता. डोळ्याचा कोपरा कोरडा होता. पापणी हलली नाही, आणि तरीही ती बाई ऐकत होती, हे आता मलासुद्धा दिसलं. कशात दिसलं ते सांगता येणार नाही.

नटी त्या वाक्यानंतर लिहिलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबली. ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती, आमच्या उलट बाजूने. मग तिने बाही खाली केली, उरलेली दोन वाक्यं अगदी हलक्या आवाजात म्हटली आणि गप्प झाली. कॅमेरा चेहऱ्यापाशी थांबला. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला. शेवटी हेडमास्तरने विचारलं, झालं का, आणि दिग्दर्शक म्हणाला, झालं.

नटी उठली, तिने मावशीच्या कपाळावर ओठ टेकवले आणि बाहेर गेली. कॅमेरामनने टेक मागे नेऊन दोनदा पाहिला आणि रूळ उचलायला सांगितलं. मावशीला दोघांनी धरून उठवलं. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि तिला चहा हवा होता. बाबांना फोन करून सांग, ती मला म्हणाली, मेले एकदाची नीट.

पलंगावरचं सामान आवरायचं काम माझ्याकडे आलं. रजईची घडी केली, टॉवेल काढला. उशी उचलली तेव्हा तिच्या डाव्या बाजूला, नटीच्या खुर्चीकडच्या अंगाला, एक ओला डाग होता. कॅमेरामनची अंतर मोजायची टेप मागून घेतली आणि तो मोजला. लांबी सहा सेंटिमीटर, रुंदी साडेतीन.