होडीतला डोहाळा

कृष्णाबाईनं शब्द दिला तो फोनवर, स्पीकर चालू ठेवून, शेजारच्या दोन घरांनी ऐकावा अशा आवाजात. असा शब्द परत घ्यायचा म्हणजे थुंकलेलं चाटायचं, आणि ते तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"विहीणबाई, त्यो हॉल तुमचा ऱ्हाऊ द्या. घरात खरी होडी आसताना माजी सून थर्माकोलच्या होडीत बसायची नाय!"

पलीकडे, करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, सुनेची आई आशालताबाई फोनवर होत्या. लेकीच्या डोहाळजेवणासाठी त्यांनी हॉल बघून ठेवला होता. डेकोरेटर हंसाच्या मानेची होडी आणणार होता, वर लुकलुकणारा चंद्र. पण खुद्द लेकीचंच मन त्यात नव्हतं. मितालीला सातवा महिना लागला होता आणि तिला चिंच नको, कैरी नको, आइस्क्रीम नको. तिला एकच डोहाळा. खाडीच्या मधोमध होडीत बसून सासूच्या हातचं जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खायची. डॉक्टरीणबाईंनी हसून परवानगी दिली होती. शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, तासाभरात परत.

आणि डोहाळे पुरवले नाहीत की बाळाचे कान फुटतात, हे कृष्णाबाईला कुणी सांगायला नको होतं. तिच्या घरातच त्याचा पुरावा फिरत होता. मुलगा प्रणित पोटात असताना तिलाही हाच डोहाळा लागला होता, होडीत बसायचा. सासू म्हणाली, पोटुशी बाय होडीत पाय ठेवत नाय. नवरा तेव्हा दुसऱ्याच्या होडीवर जायचा, तो काय बोलणार? डोहाळा राहिला. प्रणितचे कान लहानपणी असे फुटले की आजही उरणच्या बंदरातली नोकरी सांभाळणारा हा बापय गडी डाव्या बाजूनं काही विचारलं की "काय?" म्हणतो. कृष्णाबाई ते ऐकते आणि दर वेळी तिच्या पोटात काहीतरी हलतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नातवंडाच्या बाबतीत मात्र ती हे होऊ देणार नव्हती, मग जग इकडचं तिकडे होवो.

जग जागेवरच राहिलं, मशीन मात्र अडलं.

होडी कृष्णाबाईच्या नवऱ्याची, काळूरामची. फायबरची, आणि मागे लावलेलं आउटबोर्ड मशीन कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. मशीन चालायचं झकास. पण पनवेलच्या खाडीत नुसतं चालून भागत नाही. कोळीवाड्यासमोर चिखलाचा एक उंचवटा आहे. भरतीत तिथं हत्ती बुडेल, पण ओहोटी लागली की गुडघाभर पाणी. तिथं बटण दाबून मशीन वर उचलायचं, म्हणजे पंखा चिखलातून सुटतो, आणि बांबूनं रेटत पलीकडे जायचं. मशीन नाही उचललं तर पंखा रुतला, होडी बसली, आणि पुढली भरती येईपर्यंत मोजा बगळे. एरवी काळूरामला त्याचं काही वाटलं नसतं, तो विडी ओढत बसला असता. पण होडीत पोटुशी सून असताना?

आणि डोहाळजेवणाच्याच दिवशी सकाळी बटण दाबलं तर मशीन नुसतं "घूंऽऽ" करून रडलं आणि जागचं हललं नाही.

काळूरामनं बॅटरी बदलली. घूंऽऽ. वायरी घासल्या. घूंऽऽ. मग त्यानं खाऱ्या हवेला शिव्या दिल्या, मग प्रणितला, आणि शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणाला.

"नाचता येईना आंगण वाकडं," कृष्णाबाई काठावरून म्हणाली. तिच्या एका हातात जिताडा होता, दुसऱ्यात सुरी.

"तू मावरं कर, मशीन माजं मी बगतो!"

"बगताव कवापासून. उचलत तर नाय!"

एवढ्यात रिक्षा थांबली. आशालताबाई आणि त्यांचे यजमान उदयसिंह 'जरा पाहणी करायला' आले होते. उदयसिंह ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ, इस्त्रीची पँट, पायात चकचकीत बूट. बटणाचं रडगाणं त्यांनी दोनदा ऐकलं आणि खिशातून मोबाईल काढला. या माणसाला निवृत्तीनंतर एकच नाद होता, दुरुस्तीचे व्हिडिओ बघायचे. घरातला मिक्सर त्यांनी तीन वेळा खोलला होता. तो बंद का पडला हे आशालताबाईंना पक्कं माहीत होतं.

"व्याहीबुवा," ते चिखल चुकवत चुकवत होडीजवळ आले, "यात म्हणतायत, मोटर फिरते पण मशीन उठत नाही, म्हणजे तेल संपलंय. तेलाच्या दाबावरच उठतं ना ते. आणि तेल भरायचं ते मशीन वर असतानाच. खाली असताना भरलं तर आत हवा राहते."

"वर आसताना?" काळूरामनं हात कमरेवर ठेवले. "आवो व्याही, वर गेलं आसतं तर मी तेल कशाला भरलं आसतं?"

"त्यासाठी बाजूला एक स्क्रू असतो म्हणे. तो ढिला केला की मशीन हातानं उचलता येतं."

"तुमच्या इडिओतल्या मशीनला आसल. माज्याला नाय. किती वर्सं हाय माज्याकडं, मला ठाव नाय?"

प्रणित वाकून बघू लागला. उदयसिंह चिखलाची पर्वा सोडून गुडघ्यांवर बसले. मशीनला धरणारा लोखंडी खांदा त्यांनी दोन्ही बाजूंनी चाचपला. खरंच काही नव्हतं. निळाशार, गुळगुळीत, लहान बाळाच्या गालासारखा. स्क्रू नाही, तेलाचं बूचही नाही.

उदयसिंहांनी ओशाळून मोबाईल खिशात घातला. काळूराम जिंकला होता, पण जिंकून त्याचं तोंड आणखीच उतरलं.

आशालताबाईंनी पर्समधून फोन काढला. त्या वाईट बाई नव्हत्या, काळजीच्या बाई होत्या. "कृष्णाताई, मनाला लावून घेऊ नका. हॉलवाले बारापर्यंत थांबतो म्हणालेत. मुलगी मधेच अडकली तर काय करायचं, सांगा बरं? जिताडा आपण तिथं नेऊ."

मिताली घराच्या दारात उभी होती, हिरवी साडी नेसून, गजरे माळून. "चालेल, आई," असं दोन्ही आयांच्या मधे कुठेतरी बघत म्हणाली आणि हसली. ते हसू बघून कृष्णाबाईचा जीव गलबलला. तिला ते हसू ओळखीचं होतं. तिनंही एकदा सासूसमोर असंच 'ऱ्हाऊंदे' म्हटलं होतं.

ती तरातरा चिखलात उतरली. मशीनच्या त्या निळ्या खांद्यावर तिनं अंगठा दाबून फिरवला. कृष्णाबाईचा अंगठा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मावरं ताजं की शिळं, हे तिला डोळे मिटून कळायचं. तिनं नख रोवलं. नख आत गेलं.

"आवो, ह्याला रंग किती वेळा लावलाव?"

"लावतो की दर वर्सी. नारळी पुनवेच्या आदी होडी रंगवतो, उरलेला ह्याला फासतो. रंग फुकट घालवायचा नाय."

"पयल्या वर्सापासून?"

"घेतलं तवापासून." काळूराम बोलता बोलता थांबला.

"आदला रंग खरवडून?"

काळूराम खाडीकडे बघू लागला.

"धर गो ह्यो," म्हणत कृष्णाबाईनं जिताडा आशालताबाईंच्या हातात कोंबला आणि सुरी आडवी धरली. शेपटीकडून डोक्याकडे खवले काढतात तसा तिनं हात चालवला, खर्र खर्र. निळे खवले थरावर थर उडाले. खाली पिवळा. "ह्यो करोनाच्या आदीचा." पुन्हा खर्र खर्र. पिवळ्याखाली भडक गुलाबी. मिताली दारातूनच ओरडली, "अहो आई, हा तर आमच्या लग्नाच्या वर्षीचा! मीच निवडला होता!"

"आनि वाडाभर हसला होता तवा," कृष्णाबाई म्हणाली. गुलाबीखाली पोपटी निघाला, प्रणितला नोकरी लागली त्या वर्षीचा. सगळं घर त्या एका खांद्यावर थरांनी बसलं होतं. आशालताबाईही जिताडा छातीशी धरून पुढे सरकल्या, साडीला वास लागेल हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

पोपटीखाली करडं लोखंड आलं, आणि लोखंडात एक खळगा. खळग्यात रंगानं भरलेली एक चीर.

"स्क्रू!" उदयसिंह एवढ्या जोरात ओरडले की बगळे उडाले.

वीतभर वर तेलाचं बूचही सापडलं, तेही रंगात गाडलेलं.

आता काळूराम चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि मग त्याला असं हसू फुटलं की होडीच्या काठाला धरावं लागलं. "काखंत कळसा आनि गावाला वळसा! दर वर्सी मीच त्याला गाडतो, वर नारळ बी मीच फोडतो! व्याही, तुमचा इडिओ खरा!"

"आणि विहीणबाईंचा अंगठा त्याहून खरा," उदयसिंह म्हणाले.

मग काय विचारता! चिरेतला रंग आशालताबाईंच्या पदराच्या सेफ्टी पिननं काढला. काळूरामनं स्क्रू ढिला केला, दोन्ही व्याह्यांनी मशीनला खांदा दिला. "हैशा!" मशीन करकरत वर आलं, आणि उदयसिंहांचा एक चकचकीत बूट चिखलात खाली गेला तो गेलाच. प्रणितनं मशीन खिटीवर अडकवलं. बूच उघडलं तर टाकीत तेलाचा थेंब नव्हता. मशीन उचलणाऱ्या दांड्याच्या तोंडाशी असलेलं रबरी सील झिजून गेलं होतं. तेल तिथूनच झिरपत, झिरपत खाडीला मिळालं होतं. प्रणित मोटारसायकल घेऊन बाजारात पळाला आणि नवं सील, तेलाचा डबा घेऊन आला. काळूराम आता रंगात आला होता. त्यानं दांडा सोडवला, सील बसवलं, पुसून पुसून दांडा परत जोडला. उदयसिंह प्रत्येक गोष्ट आधी मोबाईलमध्ये बघून मोठ्यानं सांगत होते आणि काळूराम "हां, त्येच करतोय" म्हणत होता.

टाकी काठोकाठ भरली, स्क्रू घट्ट केला, बटण दाबलं. मशीन खाली गेलं, वर आलं, मधेच अडखळलं. आतून गुरगुर, बुडबुड असा आवाज.

"हवा आहे आत," उदयसिंह म्हणाले. "चार-पाच वेळा वर-खाली करायचं. मग पुन्हा वर नेऊन तेल."

"बाळाला ढेकर काढतात तसं," कृष्णाबाई म्हणाली, आणि काळूरामनं तसंच केलं. वर, खाली, वर, खाली. तेल आणखी थोडं. एका फेरीला गुरगुर थांबली आणि मशीन लोण्यातून सुरी जावी तसं अलगद वर चढलं आणि तिथंच राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आशालताबाईंनी घड्याळ पाहिलं, फोन कानाला लावला.

"हॅलो, हॉल नकोय आम्हाला. हो, नक्की. आमची होडी आहे."

'आमची' हा शब्द कृष्णाबाईनं बरोबर ऐकला. तिनं जिताडा परत मागून घेतला आणि चुलीकडे पळाली.

दुपारी, भरती तुडुंब असताना, झेंडूच्या माळा बांधलेली होडी निघाली. लाइफ जॅकेटवरून फुलांचे दागिने घातलेली मिताली मधोमध बसली होती, शेजारी दोन्ही आया, मागे दोन्ही बाप आणि प्रणित. उदयसिंहांच्या पायात काळूरामच्या चपला होत्या. खाडीच्या मध्यावर मशीन बंद केलं. आशालताबाईंनी लेकीची ओटी भरली. झाकलेल्या दोन वाट्यांतून मितालीनं बर्फी उचलली, म्हणजे मुलगी, आणि काळूराम सगळ्यात मोठ्यानं ओरडला. मग भाकरी मोडली. पहिला घास घेतल्यावर मितालीनं डोळे मिटले आणि पोटावर हात ठेवला. "लाथ मारतंय, आई! आवडलं वाटतं!"

"आवडायलाच पायजे," कृष्णाबाई म्हणाली, आणि डोळ्यांत तिखट गेल्याचं निमित्त केलं.

परतताना ओहोटी लागली होती. चिखलाचा उंचवटा जवळ आला, पाणी मातट झालं. सगळ्यांच्या नजरा मशीनकडे वळल्या. काळूराम बटणाशी उभा राहिला, पण त्यानं ते दाबलं नाही.

"अगो, हिकडं ये. तू दाब."

"मी?"

"तूच. तुज्या सुरीनं सुटलंय."

कृष्णाबाईनं अंगठा ठेवला, तोच अंगठा, आणि दाबलं. मशीन न कुरकुरता वर आलं, पंखा पाण्याबाहेर येऊन निथळला. प्रणितनं बांबू टेकवून रेटा दिला आणि होडी उंचवट्यावरून अलगद पलीकडे उतरली. मितालीनं शिट्टी मारली; आशालताबाईंनी तिला रागावायचं सोडून टाळी दिली.

काळूराम मात्र बायकोकडेच बघत होता. "परनितच्या येळंला तुला बसवायचं ऱ्हायलं," तो हळूच म्हणाला. "मला ठाव व्हतं. तवा होडी नव्हती माजी. नंतर होडी आली, पन इचारायची लाज वाटली."

एवढी वर्षं कृष्णाबाईला वाटत होतं, हे फक्त तिलाच माहीत आहे.

ओटीतले तांदूळ आणि एक नारळ उरले होते, ते आशालताबाईंनी उचलले. "पदर पुढं करा, विहीणबाई. तुमचीही भरते."

"अगो बाई, ह्या वयात!" कृष्णाबाई लाजून हसली, हसता हसता रडली, आणि तिनं पदर पसरला. त्यात तांदूळ पडले, नारळ पडला, आणि मितालीनं वरून एक बर्फी ठेवली.

"प्रणित, बघितलंस का? आईंचाही डोहाळा फिटला!" मिताली ओरडली. नेमकी त्याच्या डाव्या बाजूनं.

"काय?" प्रणित म्हणाला.

सगळी होडी हसली, आणि कृष्णाबाई सगळ्यांत जास्त. त्या 'काय'नं आज पहिल्यांदाच तिच्या पोटात काही हललं नाही.