भाकरीआधीचं एक मिनिट

माझ्या नाकावर राग असतो, असं बायको म्हणते आणि ते खरं आहे. पण त्या पंधरवड्यात मी कुणावरही डाफरलो नाही. चिडण्यासारखा माणूस एकच होता आणि तो रोज सकाळी आरशात माझ्यासमोर दाढी करत होता.

मी लिफ्ट मेकॅनिक. एकोणीस वर्षं जोडीदार एकच, कारकून. तोही मेकॅनिकच, पण अक्षर असं सुरेख की सगळे त्याला कारकून म्हणतात. दर महिन्याच्या तपासणीला तो गच्चीवर मशीनच्या खोलीत जातो, मी लिफ्टच्या तळाशी खड्ड्यात उतरतो. तपासणीचं कार्ड तोच भरतो, कारण माझं अक्षर बघून चालू लिफ्ट बंद पडेल. नियमाने सही करणाऱ्याने दोन्ही जागा स्वतः पाहायच्या असतात. आमचा नियम निराळा होता. मी "खाली ठीक" म्हणायचं, त्याने खूण करून सही ठोकायची. दादा म्हणाला ना, मग झालं. त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा म्हणून मी दादा.

त्या दिवशी माझा गुडघा ठणकत होता. खड्ड्याची शिडी पाचच पायऱ्यांची, पण मी वरूनच बॅटरी मारली, घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "खाली ठीक."

खाली ठीक नव्हतं. भिंतीतून पाणी झिरपून मागच्या कोपऱ्यात साचत होतं. नवव्या दिवशी ते तळाच्या स्विचपर्यंत चढलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या, दीड तास. दार उघडलं तेव्हा बाई शुद्धीवर नव्हत्या. चार दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या. आता जिना चढतात, प्रत्येक मजल्यावर थांबत.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर कार्ड होतं.

"खड्ड्यात उतरला होतात?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग कोपऱ्यातलं पाणी दिसलं नाही? ते काही एका रात्रीत साचलेलं नाही. माझ्या मते तुम्ही उतरलाच नाहीत."

मी काही बोलायच्या आत कारकून उसळला. "साहेब, दादा उतरला होता. मी स्वतः पाहिलंय."

त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं. तो तेव्हा गच्चीवर होता. एकोणीस वर्षांत मी त्याला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते पहिलं खोटं तो माझ्यासाठी बोलला, तेही मला खरा समजून.

"पाहिलंत म्हणता, सहीही तुमचीच," साहेब म्हणाले. "मग जबाबदारीही तुमचीच. परवाना काढून घ्यायचा का, ते सोमवारी कळवतो."

परवाना गेला की मेकॅनिक संपला. हे मलाही ठाऊक होतं आणि मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. बाहेर आल्यावर कारकूनच मला म्हणाला, "दादा, तू कशाला तोंड पाडतोस? प्रभू आहे ना."

आम्ही दोघं एकाच चर्चच्या मंडळीतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे एका भाकरीचे तुकडे घेतात, आणि भाकर मोडण्याआधी आमचे पाळक म्हणतात, "कुणाचं कुणाशी काही असेल, तर आधी ते मिटवून या. भाकर थांबेल." मग खरोखर हातात घड्याळ धरून एक मिनिट थांबतात. बावीस वर्षांत त्या मिनिटात एकच बाई उठल्याचं मला आठवतं, आणि तीही दूध गॅसवर राहिलं म्हणून. बाकी आम्ही सगळे माना खाली घालून आपापले बूट बघतो.

तो रविवार पहिलाच होता. कारकून दोन बाक पुढे बसला होता. त्याची बायको त्याच्या कोटावरचा दोरा काढत होती. मला वाटलं, आता भाकर घेतली तर ती घशाखाली उतरणार नाही. मी उठलो.

"गॅस मी बंद केलाय," बायको कुजबुजली.

मी कारकुनाच्या खांद्याला हात लावला आणि आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो.

"मी उतरलो नव्हतो," मी म्हणालो. "गुडघा दुखत होता. तुलाही खोटं सांगितलं, साहेबांनाही."

त्याला कळायला वेळ लागला. "मी साहेबांसमोर शपथेवर बोलल्यासारखा बोललो," तो म्हणाला. "घरी बायकोला म्हटलं, परवाना गेला तरी चालेल, पण दादा खोटं बोलायचा नाही."

मी क्षमा मागितली. त्याने "बरं" म्हटलं. आत भाकर वाटली जात होती आणि आम्ही दोघं बाहेर होतो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. मग कारकुनानेही सांगितलं, की पाहिलं नसताना पाहिलं म्हणालो. त्याचा परवाना राहिला, पण लेखी ताकीद मिळाली. माझा परवाना वर्षभरासाठी जमा झाला. आता मी त्याच्या हाताखाली मदतनीस आहे. शिक्षिकाबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी मला दारातच पाच मिनिटं झापलं आणि मग खुर्ची दिली.

महिनाभर कारकून कामापुरतं बोलला. "पाना दे." "दिवा धर." दादा हा शब्द त्याच्या तोंडून गेला तो गेलाच. मी खड्ड्यात उतरायचो आणि तो मागोमाग उतरून प्रत्येक कोपरा स्वतः पाहायचा, मगच खूण करायचा. बरोबरच होतं त्याचं. पण मला फार लागायचं, हे लपवून काय उपयोग?

पुन्हा पहिला रविवार आला. पाळकांनी घड्याळ हातात घेतलं. भाकरीची थाळी आली तर तशीच पुढे सरकवायची, असं ठरवून मी बूट बघत बसलो. तेवढ्यात पुढचा बाक करकरला. कारकून उठला होता. सगळ्या मंडळीने माना वर केल्या. तो मधल्या वाटेने मागे आला आणि माझ्या बाकापाशी थांबला.

"सरक, दादा," तो म्हणाला.

मी सरकलो, बायको सरकली, आणि तो माझ्या शेजारी बसला.