चार सेकंद आधी

गाणे संपले. लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता आणि त्या काळ्यावर तिघांचे चेहरे पुसट उमटले होते, विहिरीत डोकावणाऱ्यांचे उमटावेत तसे. समोर तिपाईवर उभा केलेला मोबाइल मात्र अजून पाहतच होता. त्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका उघडमीट करत होता. त्या ठिपक्यामागे हरिओम उभा होता, एक बोट बटनापाशी नेऊन, श्वास आवरून.

गाणे संपल्यावर एक पूर्ण मिनिट चित्रीकरण थांबवायचे नाही, हा नियम त्यानेच घालून दिला होता. 'पडीक' ह्या संभाजीनगरच्या रॉक बँडचे नवे गाणे आले की भोकरदनच्या ह्या चाहत्यांनी ते एकत्र बसून, कॅमेऱ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा पाहायचे. त्याआधी चोरून पाहायचे नाही. मध्ये थांबवायचे नाही. नंतर काही कापायचे नाही. ह्या रीतीला त्यांनी 'पहिली नजर' असे नाव दिले होते आणि त्याच नावाच्या त्यांच्या चॅनलला तीनशे चाळीस माणसे येऊन मिळाली होती. गाण्यापेक्षा गाणे ऐकणाऱ्याचा चेहरा खरा असतो, असे हरिओम पूर्वी म्हणत असे. तेव्हा तो पीतही असे, पण ते वेगळे.

आजच्या गाण्याचे नाव होते 'निचरा'. पाणी धरून बसलेल्या रानातून एकेक सरी मोकळी होत जावी, तसा त्याचा चढ होता. त्यात बँडचा गायक प्रेम स्वतःचीच गोष्ट सांगत होता. व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो. घरातली सगळी जणे फार हळू बोलतात. तो पाणी पितो, हात थरथरतो, स्टीलचा गिलास निसटून फरशीवर घणघणतो. मग तो आईच्या पाया पडायला वाकतो, आणि आशीर्वादाला म्हणून वाकलेली आई त्याच्या तोंडाचा वास घेते. गाणे तिथे एकदम थांबते. गिटारीची एकच तार उरते.

सुरू होण्याआधी खोलीत चेष्टामस्करी चालली होती. प्रियदर्शनी, संगणकाचे क्लास घेणारी, सर्वांत बोलकी, अबुजरला म्हणाली होती, "ह्या टायमाला ढेकर देऊ नको बरं. मागच्या गाण्याला दिल्ता, तं लोकांनी गाणं सोडून तेवढंच पाह्यलं."

"बिर्याणी होती बाई त्या दिवशी," अबुजर म्हणाला होता. "ढेकर बिलकुल ओरिजनल होता. पहिली नजर, पहिला ढेकर."

आता अबुजर मान खाली घालून बसला होता आणि मधल्या खुर्चीवर तृप्ती, हरिओमची धाकटी बहीण, गाल न पुसता बसली होती. तिने मान वर केली. भाऊ मोबाइलच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने भिंगात पाहिले.

"माझा दादा चाकणला नव्हता," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांना तसं सांगितलं. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. घरी येऊन आज चौऱ्याण्णव दिवस झाले, त्यानं थेंबाला हात लावला न्हाई. आमची आईसुद्धा त्याचा असाच वास घेते. रोज घेते."

प्रियदर्शनीचा हात तिच्या पाठीवर गेला. अबुजर उठला, पुन्हा बसला. "हरीभाऊ, बंद कर ना यार," तो हळूच म्हणाला.

हरिओमने बंद केले नाही. मिनिट पुरे व्हायला अजून तेवीस सेकंद होते. ते त्याने एकेक करून जाऊ दिले, मग बटन दाबले, "झालं," म्हणाला, आणि चहा सांगायला म्हणून खाली उतरला. चहा त्याने सांगितला नाही. बसस्थानकासमोर उभा राहून त्याने आपल्या गावाची, पिंपळगावची गाडी लागताना पाहिली, भरताना पाहिली, निघून जाताना पाहिली.

चाकण ही आईची रचना होती. तुळजाबाई जन्मात जालन्याच्या पुढे गेली नव्हती. पण पिंपळगाव रेणुकाईत, देवीच्या पायऱ्यांवर बसून, ती बायांना पोराच्या कंपनीबद्दल अशा तपशिलाने सांगत असे, की ऐकणारीला कारखान्याचा भोंगा ऐकू यावा. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, कँटीनची भाजी, खोलीवरची चार पोरे. त्या चार पोरांना तिने नावेही दिली होती. हरिओम परतला तेव्हा तिने त्याला ती नावे पाठ करायला लावली. बाहेर एवढी भक्कम भिंत उभारणारी ही बाई घरात मात्र त्याच्या केसांवरून पदर फिरवण्याच्या निमित्ताने खाली वाकत असे, आणि नाकाने, अगदी हळू, वास आत ओढून घेत असे. त्याला ते पहिल्याच दिवशी कळले होते. पुढे तोच थोडा मोठा श्वास बाहेर सोडू लागला, म्हणजे तिचे काम लवकर उरकावे.

गयासोद्दीनचाचांनी, अबुजरच्या वडिलांनी, त्याला आपल्या फोटो स्टुडिओत लग्नांच्या चित्रफिती जुळवायच्या कामाला ठेवले ते ह्या चाकणच्याच भरवशावर. आठवड्याभरात त्यांनी शटरची एक किल्ली त्याच्या हातात दिली होती. "कंपनीत टिकलेला पोरगा हाय, टायमाची किंमत जाणतो," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. ती किल्ली खिशात वाजली की हरिओमला बरे वाटे आणि त्याच क्षणी चोरासारखेही वाटे.

ह्या सगळ्यात एकटी तृप्ती होती जी त्याच्याकडे पुरावा मागत नव्हती. जालन्याला फार्मसीच्या कॉलेजात ती रोज एसटीने जायची-यायची. केंद्रात रविवारी जाळीपलीकडून दहा मिनिटे भेटता येई. बारा रविवार ती आली, आणि दहाच्या दहा मिनिटे कॉलेजातल्या फालतू गोष्टी सांगून गेली. कुणाच्या डब्यात काय निघाले, कोणते सर घोरतात. बरा आहेस का, असे तिने एकदाही विचारले नाही. माणूस ज्याला धरून उभा राहतो ते दर वेळी खांबाएवढे नसते. हरिओम त्या न विचारलेल्या प्रश्नाला धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी त्याने स्टुडिओच्या वरच्या खोलीत काम उघडले. व्हिडिओ दुपारी चढवायचा होता. 'पडीक'ने जाहीर केले होते, की चाहत्यांनी 'निचरा' पाहतानाचे आपले चेहरे पाठवावेत. जे मनाला भिडतील ते बँड स्वतःच्या पानावर लावील. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात लहान चौकटीत गाणे आणि मोठ्या चौकटीत हे तिघे, असे दोन्ही तंतोतंत जुळवायचे होते. सुरुवातीला प्रियदर्शनीने वाजवलेली टाळी त्याने मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या, दोन्ही चित्रीकरणांत शोधली, एकाखाली एक लावली, आणि चालू केले.

अबुजर हसला, गंभीर झाला. प्रियदर्शनीने नखे कुरतडली. मग तृप्तीने डोळ्यांना ओढणी लावली.

त्यानंतर आई वाकली.

हरिओमने मागे नेले. पुन्हा पाहिले. ओढणी डोळ्यांना लागली तेव्हा चौकटीतला माणूस अजून पडलेल्या गिलासाकडेच पाहत होता. आई तर स्वयंपाकघरातून बाहेरही आली नव्हती. रडण्यासारखे अजून काही घडलेच नव्हते. जुळणी चुकली असेल, असे म्हणून त्याने टाळी पुन्हा लावली. तेच. शेवटी त्याने गिलास पडतो ती जागा काढली. गिलास फरशीला लागला आणि त्याच क्षणी अबुजर खुर्चीत दचकला, प्रियदर्शनीची मानही तेव्हाच झटकन वळली. दोघे बरोबर होते. तृप्ती हललीसुद्धा नाही. गिलास पडणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती बसली होती.

तो कितीतरी वेळ तिच्या स्थिर चेहऱ्याकडे पाहत राहिला. केंद्रातले डॉक्टर सांगत, दारूची इच्छा आधी जिभेला होते, मग मनाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची जीभ जड झाली. खाली चाचा कुणाचा तरी पासपोर्ट फोटो काढत होते. "हनुवटी जरा वर, बेटा. हसायचं न्हाई. सरकारला हसणं चालत न्हाई."

तृप्ती दुपारी एकला आली. बॅग खांद्यावरच होती.

"झालं का, दादा?"

"बस."

ती बसली नाही. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

"हे पाह्य. इथं तू डोळे पुसून राह्यली. अन् आई वाकती ती इथं. चार सेकंदांनी."

"जुळवताना मागंपुढं झालं असंल."

"अबुजरला पाह्य. गिलास पडला अन् हा दचकला. एकदम बराबर. तुझंच तेवढं मागंपुढं कसं?"

ती बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करू लागली. "काल येताना बशीत पाह्यलं," ती म्हणाली. "बारालाच आल्तं गाणं. राजूरपर्यंत धीर धरला, मंग न्हाई राहवलं."

"किती येळा?"

"तीन."

"अन् शेवटी बोलली ते?"

"ते काय ठरवून न्हाई बोलले."

"तृप्ते."

तिने खिडकीबाहेर पाहिले. "काय बोलायचं ते ठरवलं होतं," ती म्हणाली. "बोलीन का न्हाई, ते ठरवलं नव्हतं. खुर्चीवर बसेपर्यंत खरंच नव्हतं."

हरिओम हसला, ते हसणे त्याला स्वतःलाच ओळखीचे वाटले नाही. "मला विचारायचं न्हाई एकदा?"

"विचारलं असतं तं न्हाई म्हणला असता."

"हां. म्हणलो असतो."

"मंग?" ती एकदम वळली. "मंग कव्हर चालायचं हे, दादा? आई त्या चाकणच्या पोरांचे वाढदिवस सांगून राह्यली आता बायांना. नसलेल्या पोरांचे वाढदिवस! सख्खा बाप असून बाप्पू जेवताना तुझ्याकडं बघत न्हाईत. प्रत्येकाला वेगळं सांगायचं, अन् कुणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवायचं. तू केंद्रात व्हता, तुला सगळे म्हणायचे शाब्बास. आम्हाला कोण म्हणलं? मी थकले रे."

हे खरे होते. ते खरे आहे हेच त्याला सहन होईना. खोटे असते तर रागावता आले असते.

"चाचांना काय सांगू?" त्याने विचारले.

"चाचा काय हाकलून देतील तुला? अबुजर त म्हणला—"

"अबुजरचं सोड. किल्ली त्यांनी मला दिली न्हाई, तृप्ते. चाकणवाल्याला दिली."

ती हळू म्हणाली, "लोकांना धीर येईल. तो प्रेम बोलला, म्हणून मी बोलले. मला पाहून आणखी कुणी बोलंल."

"अन् तीनशे चाळीसाचे दहा हजार होतील."

"असं बोलू नको, दादा. मी तशी हाय का?"

"मी काही म्हणत न्हाई. मी नुस्तं पाहून राह्यलो." त्याने पडद्याकडे बोट केले. तिथे ती थबकलेली होती, ओढणी डोळ्यांपासून एका बोटावर. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा चेहरा त्याने इतक्या जवळून पाहिला नव्हता. डोळ्यांखाली काळे पडले होते. ते कशाने, हे सांगणारी जुळणी कुठल्याच यंत्रात नव्हती.

त्याने व्हिडिओ पुरा करून ठेवला होता. काहीही कापले नव्हते. नियमाप्रमाणे कापायचेच नव्हते. तो खुर्चीवरून उठला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"टाक," तो म्हणाला. "बटन तूच दाब. मी अडवत न्हाई. चाचांना मी आत्ता खाली जाऊन सांगतो, दुसऱ्याकडून कळण्याआधी. आईचं संध्याकाळी पाहू."

तृप्ती खुर्चीवर बसली. माउसवर हात ठेवला. हात अगदी स्थिर होता.

"फक्त एक सांग," हरिओम म्हणाला. आवाज चढू नये म्हणून तो खूप सावकाश बोलत होता. "चार सेकंदांचं सोड. ते मी कुणाला सांगणार न्हाई. बशीत पाह्यलं तू, एकटीनं, पहिल्यांदा. समोर कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता. तव्हा रडली होती का?"

तिने त्याच्याकडे पाहिले. ओठ हलले, जणू उत्तर आतून वर येत आहे आणि ते कोणते असावे हे तिलाही पाहायचे आहे. खाली चाचा पुन्हा कुणाला तरी स्थिर बसायला सांगत होते. हरिओम थांबला, एक मिनिट, कदाचित त्याहून अधिक.

मग तिने बटन न दाबताच माउसवरचा हात काढला, बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला, आणि त्याच्या बाजूने, अंग चोरून, जिन्याकडे निघून गेली.