प्रस्थान ठेवलेला माणूस

मोताळ्यात लक्ष्मीकांतनं ज्याले गंडवलं नाही तो माणूस अजून जन्माले यायचा होता. शाळेत क्लार्क, वय बावन्न, अन डोक्यात सदा काड्या. मागं एकदा त्यानं बाजाराच्या दिवशी पाटी लावली होती, 'उद्यापासून मोताळ्यात रेल्वे थांबणार.' गावात रूळच नाहीत, तरी दुसऱ्या दिवशी सात-आठ जण बॅगा घेऊन माळावर उभे.

असा हा माणूस आता स्वतःच अडकला होता. तेही कुठं, तर समोरच्या कौशल्याकाकूच्या ओसरीत. तिथून त्याचं घर दिसे, दार दिसे, दारातली त्याची चप्पल दिसे. मधात बारा पावलांचा रस्ता, अन तोच ओलांडायची बंदी.

झालं असं की लक्ष्मीकांतले सगळा देश गाडी चालवत पाहायचा होता. मन होईल तिथं थांबायचं, म्हणून एसटी-रेल्वे नको. हेडमास्तरच्या पाया पडून तीस दिवसांची रजा काढली. "रिटायर होईपर्यंत पुन्हा मागायची नाही," असं हेडमास्तर बोलले होते. नकाशावर लाल पेननं रेघ मारून झाली. कच्छचं पांढरं रण, जैसलमेरची वाळू, काश्मीरचा बर्फ, काशीचे घाट, मेघालयातले झाडाच्या मुळ्यांचे पूल, अन खाली थेट कन्याकुमारी.

बायको प्रेमलाले अंगणवाडीतून सुट्टी नव्हती. माय, तानुबाई, म्हणाली, "मी बी येतो."

"माय, तुह्या डोळ्याचं आपरेशन आत्ता झालं. डॉक्टरनं पंधरा दिवस धूळ-वारा नको म्हणून सांगतलं. पुढच्या साली नेतो."

तानुबाईनं काळा चष्मा नाकावर नीट बसवला.

निघायचा मुहूर्त गुरुवारी सकाळी होता. जीप बुधवारपासून दीपकच्या गॅरेजात. दीपकचा फोन आला, "भाऊ, पार्ट नाही आला अकोल्याहून."

मग तानुबाई म्हणाली, मुहूर्त चुकवायचा नाही, प्रस्थान ठेवू. म्हणजे माणसाले निघणं जमत नसलं तर मुहूर्तावर त्याचं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास सुरू झाला, असं धरतात. त्याप्रमाणं लक्ष्मीकांतची बॅग, वर नारळ-सुपारी, कौशल्याकाकूच्या ओसरीत गेली.

अन इथं त्याले खाज आली. गळ्यात हार घालून, अनवाणीच, तो बॅगेपाशी जाऊन मांडी घालून बसला. "मले बी ठेवा. मी बी सामानच हाय."

गल्ली हसली. तानुबाई हसली नाही. तिनं त्याच्या कपाळाले कुंकू लावलं. "मंग आता सामान बी मागं नाही फिरायचं, तू बी नाही. घरातून काही मागवायचं बी नाही, डबा सोडून. देश पाहूनच उंबऱ्यात पाय ठेव."

दुपारी तो जेवाले घराकडं निघाला, तर तानुबाई दारात आडवी.

"तुह्या बापानं हेच केलं होतं. काशीले निघाले, प्रस्थान झालं, अन तंबाखूची पिशवी राह्यली म्हणून परत आले. त्या दिवशी जाणं राह्यलं ते कायमचंच. ते देवाघरी गेले, काशी तिथंच हाय." मग म्हणाली, "डॉक्टरनं मले रडाले मना केलं हाय. पाह्य तूच."

लक्ष्मीकांत बारा पावलं मागं गेला.

पहिले दोन दिवस मजा वाटली. प्रेमला डबा आणून द्यायची अन विचारायची, "अवो, प्रवास कसा चालू हाय?" तिसऱ्या दिवशी कौशल्याकाकूनं तुरीच्या शेंगांचं टोपलं पुढ्यात सरकवलं. "बसूनच हाय तर सोल." चौथ्या दिवशी अर्धा गाव रस्त्यानं जाता जाता विचारू लागला, "काय बे लक्ष्मीकांत, इस्टेशन आलं काय?"

तो रोज सकाळी नकाशा मांडीवर घ्यायचा अन एक दिवस कमी करायचा. सहाव्या दिवशी मेघालय खोडलं. शेंगांनी काळं झालेलं बोट त्या मुळ्यांच्या पुलावर बराच वेळ राह्यलं. पुलाचं चित्र त्यानं शाळेच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं, कित्येक वर्षं झाली.

मग त्यानं जुनी विद्या काढली. काकूच्या फोनवरून, आवाज घोगरा करून, मायले फोन लावला. "बाई, मी नाशिकहून गुरुजी बोलून राह्यलो. सातव्या दिवशी प्रस्थान आपोआप सुटते बरं. यात्रेकरूले घरात घ्या."

तानुबाईनं सगळं ऐकून घेतलं. "बरं महाराज. आज डब्यात वांग्याची भाजी हाय, चालंन काय?"

फोन ठेवताना त्याले समोरच्या दारातून हसू ऐकू आलं. प्रेमलाचं होतं.

आठव्या दिवशी कच्छ गेलं. नवव्या दिवशी जैसलमेर. दीपकले रोज फोन, अन रोज एकच उत्तर, "उद्या, भाऊ." दहाव्या दिवसापासून लक्ष्मीकांतनं कोणाची थट्टा केली नाही. कौशल्याकाकूनं त्याच्या कपाळाले हात लावून ताप पाह्यला.

बाराव्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला. धुतलेली, पुसलेली जीप, अन आत दीपक. लक्ष्मीकांतनं सोलायच्या शेंगा तशाच सांडल्या अन बॅग उचलली. तेवढ्यात कौशल्याकाकूनं धान्याच्या कोठीमागून एक कापडी पिशवी काढली. तिच्यावर बी नारळ-सुपारी बांधलेली.

"ही कोणाची?"

"तुह्या मायची. गुरुवारी तुह्या आधी घंटाभर ठेवून गेली."

तानुबाई नवं लुगडं नेसून घरातून निघाली अन सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. चष्मा काढून पदराले पुसला अन मांडीवर ठेवला. "काल डोळा दाखवून आलो. डॉक्टर म्हणे, आता पाहा काय पाहायचं ते."

लक्ष्मीकांतनं दीपककडं मान वळवली. "पार्ट कवा आला?"

"पार्ट गेलाच कुठं होता, भाऊ? गाडी बुधवारीच तयार होती. तुमची माय म्हणे, मी सांगंन तवा काढ." दीपकनं चावी त्याच्या हातात ठेवली. "त्या रेल्वेसाठी माळावर मी बी सकाळी आठपासून उभा होतो, भाऊ. बायको घेऊन. तिच्या माहेरी जायचं होतं."

लक्ष्मीकांत स्टेरिंगवर बसला. मायले म्हणाला, "अन ते बाच्या तंबाखूचं?"

"ते खरं हाय," तानुबाई म्हणाली. "त्या दिवशी माही बी पिशवी भरून होती."

अठरा दिवस उरले होते. त्यानं नकाशा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उलटा धरला, मग सुलटा, अन एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाह्यला. "काशी. अन त्याच्या आधी लोणार."

"माय, लोणार आपल्याच जिल्ह्यात हाय."

"मंग मी पाह्यलं काय? तुमी सगळे दहादा जाऊन आले. मले दर वेळी पुढच्या साली."

त्यानं चावी फिरवली. क्लचवर पाय ठेवला अन त्याले आठवलं, पाय अनवाणी हायेत. चप्पल समोर, दारात. त्यानं जीपचं दार उघडलं.

तानुबाईनं त्याचा दंड धरला. "मागं नाही फिरायचं."

"माय, बारा पावलं हायेत."

"तंबाखूची पिशवी आठ पावलांवर होती."

प्रेमलानं दारातूनच चप्पल उचलली अन नेम धरून फेकली. एक बरोबर गाडीत पडली. दुसरी नालीत.

"चालते," तानुबाई म्हणाली, "काढ गाडी."