वळ्ळी अक्काचा प्रश्न

गाडीनं उडवलेल्या पादचाऱ्यांच्या फायली आमच्या त्रिचीच्या ऑफिसात वळ्ळी अक्काकडेच येतात. तिकडे अमेरिकेत कुणाला गाडीनं धडक दिली, की डॉक्टरनं लिहिलेलं वाचून विम्याच्या बिलासाठी इजेचा आणि तिच्या कारणाचा कोड इथे टाकायचा. माणूस पायी होता की व्हीलचेअरवर, रस्त्यात की अंगणात, अपघात की मुद्दाम, सगळं त्यात येतं. अक्काचं काम मी तपासते. चुका काढायला माझे हात नुसते शिवशिवत असतात, पण हिच्या फायलीत काही म्हणजे काही सापडत नाही.

परवा एका बाईची फाईल आली. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडणार. डॉक्टरनं लिहिलं होतं, 'नवरा गाडी मागे घेत होता, चुकून धक्का लागला.' खाली नर्सची ओळ होती, 'पेशंट म्हणते, त्यानं आरशात मला पाहिलं होतं. तेवढ्यात नवरा आत आला, ती गप्प झाली.'

नर्सच्या लिहिण्यावरून 'मुद्दाम'चा कोड टाकता येत नाही, डॉक्टरनंच लिहावं लागतं. त्याला विचारता मात्र येतं. पण अक्का फार विचारते म्हणून त्या हॉस्पिटलनं आधीच कुरकुर केली होती. आणखी एक प्रश्न गेला तर तुम्हाला या कामावरून काढावं लागेल, असं आमच्या टीम लीडनं, इळंगोनं, तिला बजावून ठेवलं होतं.

फाईल बघून तो म्हणाला, "अक्का, अपघात टाका आणि मोकळ्या व्हा. लोकांच्या संसारात नाक खुपसायचा पगार मिळत नाही आपल्याला."

"नाक कोण खुपसतंय, बाबा? दोघांनी दोन गोष्टी लिहिल्यात. आणि बाई उद्या त्याच घरी जायचीय."

माझं तर डोकंच फिरलं होतं. मी कीबोर्ड ओढून लिहिलं, नवऱ्यानं मुद्दाम गाडी घातली का? अक्कानं ते शांतपणे पुसलं. उत्तर तोंडात घालून विचारणं आमच्या धंद्यात चालत नाही, हे मला का माहीत नव्हतं? पण रागापुढे अक्कल चालते होय!

"तिचं म्हणणं तिचंच राहू दे गं," अक्का म्हणाली. "आपण शब्द पुरवले, तर उद्या नवरा म्हणेल, हिला कुणीतरी शिकवलंय."

तिनं डॉक्टरचं वाक्य लिहिलं, त्याखाली नर्सचं, आणि शेवटी एवढंच, 'इजा कशी झाली, कृपया स्पष्ट करावं.' मग प्रश्न पाठवून दिला आणि दहीभाताचा डबा उघडला. काम जाईल म्हणून तीही घाबरली होती, दोन घास खाऊन तिनं डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं स्क्रीनपुढे होतो. डॉक्टरनं नोंद बदलली होती. मुद्दाम केलेला हल्ला, नवऱ्याकडून, गाडीनं. पोलिसांना कळवलं होतं, बाई बहिणीकडे जाणार होती. इळंगो घसा खाकरून म्हणाला, तक्रार आलीच तर माझ्याकडे येऊ दे. अक्काचा मला इतका अभिमान वाटला, की मी सगळ्यांसमोर रडले.

नोंदीच्या शेवटी डॉक्टरनं लिहिलं होतं, 'नवऱ्याला बाहेर पाठवून विचारलं. पेशंट म्हणाली, मला एकटीला कुणी विचारलंच नव्हतं.'