कुणाची हरकत?

ठराव: मुलांनी बोलावं. हरकत: जी येईल ती ऐकली जाईल.

नागरिकशास्त्राच्या बाईंची एक खोड होती. बालसभेत ठराव मांडून झाला, की त्या विचारायच्या, "कुणाची हरकत?" आणि लगेच मुलांकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करायच्या. बाईंच्या कपाळावरची आठी बघून कुठलं पोर गप्प बसू नये, एवढाच हेतू. मग मागे बाक करकरायचा. बहुतेक वेळा तिसऱ्या रांगेतला, बाईंच्याच लेकीचा. शाळेत तिला सगळे वकील म्हणायचे. बाबा म्हणायचे, हिने जन्मतानाही हरकत घेतली असणार, म्हणून तर उशिरा आली.

ठराव: शाळेचा गौरव व्हावा.

नागरी शिक्षण बळकट करणाऱ्या शाळांना ढाल मिळणार होती, आणि निवडीत ही शाळा होती. हेडसरांना आभाळ ठेंगणं झालं. बाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. धाकटी बहीण शिकवायची त्या शाळेला गेल्या वर्षी हीच ढाल मिळाली होती. बाईंनी तिला फोन करून ढाल देणाऱ्या समितीबद्दल विचारलं. बहीण आधी इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, माणसं साखरेसारखी गोड आहेत. कुठलं मूल छान बोलतं ते कौतुकाने विचारतात, त्याचे वडील कुठे कामाला जातात तेही विचारतात. तिच्या शाळेतली दोन मुलं फारच छान बोलली होती.

"मग?"

"मग काही नाही, ताई. सत्र संपायच्या आत दोघांच्या घरांना कुलूप. कुठे गेली, कुणी विचारलं नाही. आता आमची सभा कशी शिस्तीत होते. टाचणी पडली तरी ऐकू येते."

समिती येणार त्या सकाळी बाई लेकीला म्हणाल्या, अंग गरम लागतंय, आज घरीच राहा.

"ताप नाहीये मला," वकील म्हणाली. "हरकत."

ठराव: भित्तिपत्रक काढून तिथे ढाल लावावी.

हा ठराव समितीच्या साहेबांनीच मांडला, हसत हसत. सभागृहाच्या भिंतीवरचं ते भित्तिपत्रक मुलं लिहायची: गळका नळ, बंद वाचनालय, शाळेजवळच्या रस्त्यावरचे न लागणारे दिवे. सगळ्यात जास्त लिहायची ती वकील. बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"आता तुमची ती पद्धत दाखवा, बाई," साहेब म्हणाले. "आम्ही तेवढ्यासाठीच आलोय."

"कुणाची हरकत?"

सवयीने बाईंची टाच उचलली गेली. पण त्या वळल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत बाक करकरला. वकील अर्धवट उठली, आणि समोर आईचं तोंड. विचारल्यानंतरचं हे तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती खाली बसली. मग बाकीच्यांनीही तेच तोंड वाचलं. नुसता पंखा फिरत राहिला.

साहेबांनी टाळी वाजवली. "तुम्ही पाठ फिरवता असं ऐकलं होतं."

"फिरवायचे," बाई म्हणाल्या.

"हे जास्त बरं. मुलांना समोर माणूस दिसायला हवा. बाकीच्या शाळांनाही हेच सांगू." ढाल हेडसरांच्या हातात देता देता त्यांनी सहज विचारलं, ती मघाशी उठत होती ती मुलगी कोण?

हेडसर छाती फुगवून सांगू लागले. आपल्या बाईंचीच लेक. वडील तर इथेच, पुलापलीकडच्या छापखान्यात.

ठराव: दार लवकर लावावं.

संध्याकाळी बाबांनी कडीला हात घातला आणि नेहमीच्या थट्टेने विचारलं, "वकीलसाहेब, काही हरकत?"

पोरीने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.