किल्ली ह्यांच्याकडे आहे

मित्रांनो, माणसानं हट्टी असावं, पण द्वारकेइतकं नसावं. उभा जन्म माझ्या डोक्यावर बसून भाजी निवडली, आणि एकदाही माझं झाकण उघडलं नाही!

मी एक जुनी लष्करी ट्रंक आहे. काळी, जाड पत्र्याची. आजच्या कपाटांसारखी ढकललं की हलणारी नव्हे. शाळा मी पाहिली नाही. अंगावर पांढऱ्या रंगानं 'रंगराव' लिहिलंय, तेवढंच मला वाचता येतं.

रंगराव म्हणजे द्वारकेचा नवरा. एकाहत्तरच्या लढाईआधी सुट्टी मिळणार म्हणून त्यानं तिच्यासाठी लाल लोकरी शाल घेतली, सगळ्या बराकीला दाखवली आणि माझ्यात ठेवली. सुट्टी रद्द झाली. मला कुलूप घालून, किल्ली करगोट्याला बांधून तो आघाडीवर गेला. लढाई संपली, तो सापडला नाही. मी तेवढी पुण्याला पोचले.

द्वारका तेव्हा विशीतली, कडेवर लेक. भावकीतल्या बायका कुंकू पुसायला आल्या, तर ही माझ्यावर ठाण मांडून बसली. "किल्ली ह्यांच्याकडे आहे. ती आणा, कुलूप काढा, मग माझ्या कपाळाला हात लावा!"

काय शोभली होती! बायका आल्या तशा गेल्या.

पुढं मंडईत लिंबं-मिरच्या विकून तिनं लेक वाढवला. हळदीकुंकवाला कुणी बोलवी, कुणी दारातच विचारी, "तुला लावायचं का गं?" थंडीच्या पहाटे फाटकं लुगडं खांद्यावर ओढून ती निघायची, आणि माझ्या पोटात शालीला कसर लागत होती. मी पत्र्याची बया, काय करणार?

आता बिबवेवाडीची आमची इमारत पाडायची आहे. नात चैताली म्हणाली, "आजी, नेण्याआधी उघडून तरी बघू ना, प्लीज."

द्वारकेनं माझ्या कुलपावरून हात फिरवला. मग म्हणाली, "ह्यांना माझा नवा पत्ता कोण सांगणार गं?"

चैताली माझ्याशेजारी खाली बसली.

"आण हातोडी," म्हातारीच म्हणाली.

गंजकं कुलूप एका घावात पडलं. द्वारकेनं शाल उचलली, तर ती बोटांतून भुशासारखी गळली.

"बायकी शाल आहे, आजी. तुझ्यासाठीच घेतली असणार."

द्वारका हातातल्या चार धाग्यांकडे बघत राहिली.

मित्रांनो, आठवण म्हणून काही कोंडून ठेवलं असेल, तर त्याला वारा द्या, ते वापरा. माझं झाकण करकरलं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं मी एकदाचं बोलले,

"द्वारके, वाट बघायची होती ना, खुशाल बघायचीस. पण शाल अंगावर घेऊन बघायचीस, बये."